वर्षातला सर्वोत्तम गेम नेमका ठरतो कसा?

2019 सालचा सर्वोत्तम व्हिडिओ गेम कोणता? नोव्हेंबरात लंडनमध्ये गोल्डन जॉयस्टिक पुरस्कार झाले, तिथे लोकांच्या मतांवर 'रेसिडेंट ईव्हिल 2' जिंकला. डिसेंबरात लॉस एंजेलिसला 'द गेम अवॉर्ड्स' झाले, तिथे 'सेकिरो'. फेब्रुवारीत लास व्हेगासला डाइस पुरस्कारांमध्ये 'अनटायटल्ड गूज गेम'चं नाव पुकारलं गेलं. आणि एप्रिलमध्ये ब्रिटिश अकादमीने, म्हणजे बाफ्टाने, 'आउटर वाइल्ड्स'च्या गळ्यात माळ घातली.

यातला पहिला म्हणजे 1998 च्या एका भयकथेची नव्याने बांधलेली आवृत्ती. दुसऱ्यात एक हात तुटलेला शिनोबी, म्हणजे निन्जा, तलवारीवर तलवार अडवत पुढे जातो आणि खेळणारा शंभर वेळा मरतो. तिसऱ्यात तुम्ही एक खोडकर हंस असता आणि माळ्याच्या किल्ल्या पळवून त्याला पळवायचं, हे तुमचं काम. चौथ्यात दर 22 मिनिटांनी सूर्याचा स्फोट होतो, सगळं पुन्हा पहिल्यापासून सुरू होतं, आणि असं का होतंय ते शोधायचं असतं.

चार ठिकाणी चार निकाल. कुणी पैसे खाल्ले नाहीत, कुणी झोपेत मतदान केलं नाही. दरवर्षी डिसेंबर आला की 'याला कसं काय दिलं?' म्हणून जी भांडणं पेटतात, त्यांत लोक गेमबद्दल बोलतात. माझं म्हणणं असं की निकालाचा निम्मा भाग गेम सुरू करण्याआधीच ठरलेला असतो: मत कोण देणार, वर्ष कुठे संपतं, गेम कशाला म्हणायचं आणि मतं कशी मोजायची, यात. आणि या सगळ्या चाळण्या एकाच प्रकारच्या गेमला सोप्या जातात. ज्यावर मोजकी माणसं जीव ओवाळून टाकतात, त्याला नाही. जो पुष्कळ जणांनी खेळलेला असतो, त्याला.

या चार निकालांपैकी एकच मला पटतो. तो कोणता, ते शेवटी सांगतो.

मत देणारे कोण

सगळ्यात गाजावाजा असतो तो 'द गेम अवॉर्ड्स'चा. जेफ कीली या पत्रकार-निवेदकाने 2014 मध्ये ते सुरू केले. आज 'गेम ऑफ द इयर' म्हटलं की बहुतेकांना हाच पुरस्कार आठवतो. तिथली पद्धत अशी: जगभरातल्या शंभराहून अधिक प्रसारमाध्यमांची एक ज्युरी असते. ज्युरी व्यक्तींची नाही, संस्थांची. म्हणजे एखादी गेमिंग वेबसाइट किंवा मासिक हा एक मतदार. त्या संस्थेतली मंडळी आपसात ठरवतात आणि प्रत्येक विभागासाठी पाच नावं पाठवतात. या पाच नावांना क्रम नसतो. पहिलं नाव आणि पाचवं नाव यांचं वजन सारखंच. जी नावं सर्वाधिक याद्यांमध्ये दिसतात, त्यांना नामांकन मिळतं. मुख्य पुरस्कारासाठी अलीकडे सहा उमेदवार असतात. मग दुसरी फेरी: ज्युरी पुन्हा मत देते, जनताही देते, आणि ज्युरीला 90 टक्के, जनतेला 10 टक्के वजन.

'क्रम नसतो' हे दोन शब्द वाचताना सहज निसटून जातात, पण सगळी गंमत तिथेच आहे. समजा शंभर याद्या आल्या. एक गेम तीस याद्यांमध्ये आहे आणि त्या तिसांपैकी प्रत्येकाला तो दशकातला सर्वोत्तम वाटतो. दुसरा पंचेचाळीस याद्यांमध्ये आहे, पण प्रत्येक ठिकाणी 'बरं, पाचवं काय लिहूया?' म्हणून आलेला. पुढे दुसराच जाणार. उत्कटता मोजायला इथे मापच नाही.

आता ती यादी बनते कशी, याचं एक काल्पनिक पण न अशक्य चित्र. नोव्हेंबरचा पहिला आठवडा, पाच जणांचं संपादक मंडळ.

"मला डिस्को एलिसियम हवाच," एकजण म्हणतो.

"अरे, पण तो आणखी कोण खेळलंय?"

"मी सुरू केला होता. तीन तास झाले. खूप वाचावं लागतं त्यात."

"माझ्याकडे पीसीच नाही. कन्सोलवर कुठे आलाय?"

"चांगला आहे असं ऐकलंय खरं."

"ऐकलेल्यावर मत कसं देणार? आपण पाचही जण काय खेळलोय, ते सांगा."

आणि यादीत जातो तो पाचही जणांनी खेळलेला गेम. यात कुणी लबाडी केली नाही. उलट न खेळलेल्या गेमला मत न देण्याचा प्रामाणिकपणाच दाखवला.

हे नाव मी उगाच निवडलं नाही. 'डिस्को एलिसियम' 15 ऑक्टोबर 2019 ला आला, तोही फक्त पीसीवर. द गेम अवॉर्ड्समध्ये त्याला चार नामांकनं मिळाली आणि चारही पुरस्कार त्याने जिंकले: उत्तम कथन, उत्तम रोल-प्लेइंग गेम (एखाद्या पात्राची भूमिका घेऊन खेळायचा प्रकार), उत्तम स्वतंत्र गेम आणि नवोदितांसाठीचा पुरस्कार. ज्या गेमची कथा वर्षात सर्वोत्तम, जो आपल्या जातकुळीत वर्षात सर्वोत्तम, तो वर्षातल्या पहिल्या सहांत मात्र नव्हता! 'आउटर वाइल्ड्स'ही नव्हता. त्या सहांत 'द आउटर वर्ल्ड्स' होता. नावं इतकी सारखी की आजही लोक एकाचं कौतुक दुसऱ्याला चिकटवतात.

तासांचा हिशेब

सिनेमाचा परीक्षक एका दिवसात तीन सिनेमे बघू शकतो. गेमच्या परीक्षकाला ती चैन नाही. 2023 चे सहा उमेदवार घ्या. 'बाल्डर्स गेट 3' एकदा संपवायला 70 तास तरी हवेत, आणि सगळे कानेकोपरे पाहायचे म्हटलं तर शंभर. 'झेल्डा: टीअर्स ऑफ द किंगडम' साठच्या आसपास. 'ॲलन वेक 2', 'स्पायडर-मॅन 2' आणि नव्याने बांधलेला 'रेसिडेंट ईव्हिल 4' प्रत्येकी पंधरा ते वीस. 'सुपर मारिओ ब्रदर्स वंडर' दहा. बेरीज 190 च्या घरात. रोज दोन तास खेळलं तर तीन महिने. यातले 'स्पायडर-मॅन 2' आणि 'मारिओ' एकाच दिवशी आले, 20 ऑक्टोबरला. 'ॲलन वेक 2' आठवड्याने. नामांकनं जाहीर झाली नोव्हेंबरच्या मध्याला.

हा हिशेब फक्त त्या सहांचा. 2024 मध्ये पीसीचे गेम विकणाऱ्या स्टीम या एकट्या ऑनलाइन दुकानात 18 हजारांहून अधिक गेम आले. त्यातले नव्याण्णव टक्के कुणी उघडूनही पाहिले नसतील. म्हणजे 'वर्षातला सर्वोत्तम' याचा खरा अर्थ 'मतदारांपैकी पुरेशा लोकांनी पुरेसा वेळ खेळलेल्या गेमांमधला सर्वोत्तम' एवढाच. आणि पुरेशा लोकांपर्यंत पोचायला जाहिरात लागते, ओळखीचं नाव लागतं, किंवा नशीब लागतं. गुणवत्ता लागत नाही असं नाही, पण तिची पाळी नंतर येते.

मग विक्री हाच निकष का धरू नये? कारण तसं कुणालाच वाटत नाही. 'हॉगवर्ट्स लेगसी' 2023 मध्ये 2 कोटी 20 लाखांहून अधिक खपला आणि त्या वर्षी द गेम अवॉर्ड्समध्ये त्याला एकही नामांकन नव्हतं. त्यावर थोडी आरडाओरड झाली, पण 'सर्वाधिक खपला म्हणून सर्वोत्तम' असं छातीठोकपणे म्हणणारे फारसे भेटले नाहीत.

जनतेचे दहा टक्के

'लोकांच्या मताला फक्त दहा टक्के? हा काय न्याय?' हा प्रश्न दरवर्षी येतो. आधी त्या दहा टक्क्यांत किती जोर आहे ते पाहू. समजा दोन गेमांत चुरस आहे. ज्युरीची 40 टक्के मतं पहिल्याला, 34 टक्के दुसऱ्याला. जनतेची फक्त 10 टक्के पहिल्याला आणि तब्बल 60 टक्के दुसऱ्याला. वजन सरळ लावलं तर पहिल्याचे 36 अधिक 1, झाले 37. दुसऱ्याचे 30.6 अधिक 6, झाले 36.6. जनतेने सहापट मतं देऊनही दुसरा हरला. थोडक्यात, ज्युरीत अगदी काट्याची टक्कर असेल तरच जनता पारडं फिरवू शकते.

हे वजन इतकं कमी का ठेवलंय, याचं उत्तर 'प्लेयर्स व्हॉइस' या विभागात सापडतं, कारण तो शंभर टक्के जनतेचा. 2022 मध्ये तिथे 'गेन्शिन इम्पॅक्ट' आणि 'सॉनिक फ्रंटियर्स' यांच्या चाहत्यांची अशी जुंपली की दोन्ही बाजूंनी एकमेकांवर बॉट, म्हणजे आपोआप चालणारे प्रोग्राम, लावून मतं टाकल्याचे आरोप केले. शेवटी गेन्शिन जिंकला आणि त्याच्या खेळाडूंना आनंदाप्रीत्यर्थ गेममधलं चलन भेट मिळालं. 'एल्डन रिंग' आणि 'गॉड ऑफ वॉर रॅग्नारॉक' ज्या वर्षी आले, त्या वर्षीचा हा जनतेचा कौल. मला गेन्शिनबद्दल काही तक्रार नाही. पण ऑनलाइन मतदानात ज्याची फौज मोठी आणि शिस्तीची, तो जिंकतो. गेम कसा आहे, यापेक्षा गेमच्या मागे किती माणसं उभी आहेत, हे तिथे मोजलं जातं.

तरीही जनतेला वेड्यात काढू नये. 2020 मध्ये ज्युरीने 'द लास्ट ऑफ अस पार्ट टू' निवडला आणि जनतेने 'घोस्ट ऑफ त्सुशिमा'. त्यातला पहिला गेम सुडाची कथा सांगताना खेळणाऱ्याला मुद्दाम त्रास देतो, ज्याचा राग करायचा त्याच्याच अंगात शिरायला लावतो. वर्षभर गेमच तपासणाऱ्या समीक्षकाला हे धाडस भावतं. दिवसभराचं काम उरकून तासभर कंट्रोलर हातात घेणाऱ्याला दुसऱ्या गेममधलं वाऱ्याच्या दिशेने घोडा दौडवणं भावतं. दोघांच्या 'उत्तम'चा अर्थच वेगळा आहे. व्यक्ती तितक्या प्रकृती.

जनतेच्या मताची दुसरी, काळी बाजूही 'द लास्ट ऑफ अस पार्ट टू'नेच दाखवली. जून 2020 मध्ये तो बाजारात आल्याच्या काही तासांत मेटाक्रिटिक या समीक्षकांचे आणि वापरकर्त्यांचे गुण एकत्र करणाऱ्या वेबसाइटवर वापरकर्त्यांच्या गुणांचा खच पडला, आणि त्यात शून्य गुण देणारे ढिगाने. वीस-पंचवीस तासांचा गेम, आणि आला त्याच दिवशी शून्य! त्यानंतर मेटाक्रिटिकने नियमच केला की गेम आल्यापासून पहिले 36 तास वापरकर्त्यांनी गुण द्यायचे नाहीत.

मोजणीत दडलेला निकाल

आता जरा कागद-पेन्सिल घेऊ, कारण हा भाग मला सर्वात मजेशीर वाटतो. शंभर मतदार आहेत आणि तीन गेम: एक भव्य कथेचा, एक अवघड लढायांचा, एक छोटा कोड्यांचा. 40 जणांचा क्रम कथा, कोडी, लढाया. 35 जणांचा लढाया, कोडी, कथा. उरलेल्या 25 जणांचा कोडी, लढाया, कथा.

फक्त पहिली पसंती मोजा. कथेला 40, लढायांना 35, कोड्यांना 25. कथा जिंकली.

आता तळाचा बाद करून त्याची मतं पुढच्या पसंतीला द्या. कोडी बाद. त्यांची 25 मतं लढायांकडे गेली. लढाया 60, कथा 40. लढाया जिंकल्या.

आता पहिल्या पसंतीला दोन गुण, दुसऱ्या पसंतीला एक, तिसऱ्या पसंतीला शून्य द्या. कथेचे 80, लढायांचे 95, कोड्यांचे 125. कोडी जिंकली! समोरासमोर लावून पाहिलं तरी कोडी कथेला 60 विरुद्ध 40 ने आणि लढायांना 65 विरुद्ध 35 ने हरवतात.

एकाही मतदाराने आपलं मत बदललेलं नाही, तरी तीन पद्धतींनी तीन वेगळे विजेते. ज्याने नियम लिहिले, त्याने नकळत अर्धा निकालही लिहिला. मित्रांच्या टोळीत 'आपला वर्षातला गेम' ठरवणार असाल, तर मत देण्याआधी मोजणीची पद्धत ठरवा. नाहीतर हरलेला नंतर नेमकी ती पद्धत शोधून काढेल जिच्यात त्याचा गेम जिंकतो. असा एक मित्र मला आहे, आणि खरं सांगायचं तर काही वर्षी तो मित्र मीच असतो.

मत देणारा बदलला तरी निकाल बदलतो. डाइस पुरस्कार आणि गेम डेव्हलपर्स चॉइस पुरस्कार यांत मतं असतात गेम बनवणाऱ्यांची. ही कारागिरांची मंडळी. भिंत किती उंच आहे यापेक्षा विटा कशा बसवल्यात, हे त्यांना आधी दिसतं. म्हणून हंसाचा तो गेम, मेलबर्नच्या चौघांच्या चमूने केलेला, त्याने 2020 मध्ये हे दोन्ही पुरस्कार नेले. पुढच्या वर्षी 'हेडीस'नेही दोन्ही नेले, वर बाफ्टाही. 2025 मध्ये डेव्हलपर्स चॉइसमध्ये जिंकला 'बलाट्रो', पत्त्यांचा गेम, मुख्यतः एकाच माणसाने घडवलेला. त्याच, म्हणजे 2024 च्या गेमांमधून द गेम अवॉर्ड्स, डाइस आणि बाफ्टा या तिन्हींनी 'ॲस्ट्रो बॉट' निवडला होता.

सगळे एकाच नावावर आले असं कधी झालंच नाही का? झालं. 'बाल्डर्स गेट 3'ने गोल्डन जॉयस्टिक, द गेम अवॉर्ड्स, डाइस, डेव्हलपर्स चॉइस आणि बाफ्टा हे पाचही मोठे पुरस्कार घेतले. असं करणारा तो पहिलाच. त्या गेमचा तिसरा अंक सुरुवातीला तांत्रिकदृष्ट्या अडखळत होता, हे खेळलेल्यांना आठवत असेल. पण तिथवर पोचायलाच पन्नास तास लागायचे, आणि तोवर माणूस प्रेमात पडलेला असायचा.

'वर्ष' म्हणजे काय आणि 'गेम' म्हणजे काय

वर्षाचा भाग पटकन उरकतो. द गेम अवॉर्ड्सचं वर्ष नोव्हेंबरच्या उत्तरार्धात संपतं, कारण सोहळा डिसेंबरच्या सुरुवातीला असतो. 'सुपर स्मॅश ब्रदर्स अल्टिमेट' 2018 च्या सोहळ्याच्या दुसऱ्याच दिवशी आला, म्हणून त्याला नामांकन मिळालं ते 2019 साली. 'सायबरपंक 2077' तर 2020 च्या सोहळ्याच्या दिवशीच, 10 डिसेंबरला आला. त्या वेळची त्याची अवस्था पाहता, तारीख हुकली हे बरंच झालं. पण पुढे दुरुस्त्या होत होत तो इतका सुधारला की 2023 मध्ये त्याला 'चालू असलेला उत्तम गेम' हा पुरस्कार मिळाला. असंच 'नो मॅन्स स्काय'चं: 2016 मध्ये शिव्या, 2020 मध्ये तोच पुरस्कार. पुस्तक छापून झालं की झालं. गेम मात्र बक्षीस समारंभानंतरही बदलत राहतो, आणि मत द्यायचं असतं ते त्या एका डिसेंबरातल्या रूपाला.

'गेम कशाला म्हणायचं' हा वाद जास्त चिघळतो. 2024 च्या सहा उमेदवारांत 'एल्डन रिंग: शॅडो ऑफ द अर्डट्री' होता. हा स्वतंत्र गेम नव्हेच. 2022 चा विजेता असलेल्या 'एल्डन रिंग'ला जोडलेला विस्तार. तो सुरू करायचा तर मूळ गेम हवा, आणि त्यातले राडान आणि मोह्ग हे दोन बॉस, म्हणजे तगडे शत्रू, हरवलेले हवेत. म्हणजे आधीच्या गेममध्ये कित्येक तास घाम गाळल्याशिवाय ज्याचं दारही उघडत नाही, तो नव्या वर्षातला सर्वोत्तम गेम होऊ शकतो का? आयोजकांचं उत्तर: हो. विस्तार, रिमेक (नव्याने बांधलेला जुना गेम), रिमास्टर (जुन्याच गेमला दिलेली चकाकी) सगळं पात्र, ज्युरीला योग्य वाटलं तर. आधीचा दाखलाही होता. 2016 चा उत्तम रोल-प्लेइंग गेम ठरला होता 'द विचर 3'चा 'ब्लड अँड वाइन' हा विस्तारच.

यावर माझं मत थोडं कडक आहे. रिमेक मला चालतो. 'रेसिडेंट ईव्हिल 2' पाया सोडून सगळं नवं बांधतो. विस्तार मात्र मुख्य पुरस्कारात नसावा. तो वाईट असतो म्हणून नव्हे. तो आधीच एका अख्ख्या विजेत्याच्या खांद्यावर बसलेला असतो, म्हणून. आणि इथेही तेच होतं: ज्यांनी मूळ गेम खेळला, ते असंख्य मतदार आयतेच तयार असतात.

2025 ने या वादाला आणखी एक फाटा फोडला. द गेम अवॉर्ड्समध्ये फ्रान्सच्या सँडफॉल या नव्या स्टुडिओचा 'क्लेअर ऑब्स्क्युर: एक्स्पिडिशन 33' जिंकला, आणि मुख्य पुरस्कार धरून नऊ पुरस्कार घेऊन गेला. त्याला 'स्वतंत्र' म्हणजे इंडी गेम म्हणावं का, यावर रणं माजली. स्टुडिओ तीसेक जणांचा, पण मागे प्रकाशक, बाहेरून घेतलेली मदत, नामवंत कलाकारांचे आवाज. मग त्याच महिन्यात 'इंडी गेम अवॉर्ड्स' या वेगळ्या, छोट्या संस्थेने याच गेमला दिलेले आपले पुरस्कार परत घेतले. कारण जनरेटिव्ह एआय. गेम बनताना तात्पुरती म्हणून वापरलेली एआयची काही चित्रं बाजारात आलेल्या आवृत्तीत राहून गेली होती. स्टुडिओने ती नंतर बदलली, पण त्या संस्थेच्या नियमात एआयला मुळीच जागा नव्हती. त्यांचा वर्षातला सर्वोत्तम गेम मग 'ब्लू प्रिन्स' ठरला. भिंतीवरच्या काही चित्रांनी एका ठिकाणी निकाल उलटला आणि दुसऱ्या ठिकाणी कुणाच्या भुवयाही उंचावल्या नाहीत, कारण तिथे तसा नियमच नव्हता.

आवळ्या-भोपळ्याची मोट

राहता राहिला 'सर्वोत्तम' हा शब्द. द गेम अवॉर्ड्सची व्याख्या साधारण अशी आहे: सर्जनशील आणि तांत्रिक अशा सगळ्या अंगांनी सर्वात उत्कृष्ट अनुभव देणारा गेम. यातला 'सगळ्या' हा शब्द छोट्या गेमांचा घात करतो. 'बलाट्रो'त नट नाहीत, कथा नाही, डोंगर-दऱ्या नाहीत. आहेत ते पत्ते, आकडे आणि 'आणखी एक डाव' म्हणता म्हणता उजाडलेली पहाट. त्याला 'सगळ्या अंगांनी' तपासायचं तर निम्मी अंगं त्याला नाहीतच. पण असलेल्या अंगात त्याच्याइतका नेमका गेम त्या वर्षी मला दुसरा दिसला नाही.

उलट टोक पाहायचं तर 2018. 'रेड डेड रिडेम्प्शन 2'ने कथन, अभिनय, संगीत आणि ध्वनी असे चार पुरस्कार द गेम अवॉर्ड्समध्ये घेतले. मुख्य पुरस्कार मात्र 'गॉड ऑफ वॉर'ला. का? दोन्ही खेळलेल्या माणसाच्या हातांना विचारा, डोळ्यांना नव्हे. पहिल्यात नायक ड्रॉवर उघडतो, वस्तू उचलतो, न्याहाळतो, खिशात ठेवतो, आणि तुम्ही बटण दाबून त्याची वाट बघत बसता. दुसऱ्यात कुऱ्हाड फेकता, ती शत्रूच्या छातीत रुतते, बटण दाबता आणि ती भिरभिरत परत येऊन तळहातावर थप्पकन आदळते. कंट्रोलर थरथरतो. ही गोष्ट शंभराव्या वेळी केली तरी पहिल्याइतकीच गोड लागते. कथा, अभिनय, संगीत हे सगळं सिनेमातही असतं. ती थप्प फक्त गेममध्ये असते. मी 'रेड डेड'च्या बाजूचा माणूस आहे, त्याचा संथपणा मला आवडतो, पण ज्युरीने थप्पला मत दिलं हे मला समजतं.

अवघडपणाचाही प्रश्न याच पिशवीतला. 'सेकिरो'ला सोपा मोड नाही. अडलेला खेळाडू म्हणतो गेम अन्यायी आहे, पार केलेला म्हणतो नाचता येईना अंगण वाकडं. दोघांनी एकच गेम खेळला असं म्हणणं धाडसाचं आहे. एकाने पहिले चार तास खेळले, दुसऱ्याने चाळीस. तसंच 'इट टेक्स टू', 2021 चा विजेता. तो एकट्याला खेळताच येत नाही, शेजारी किंवा ऑनलाइन दुसरा माणूस लागतोच. मग आठवणीत काय राहतं, गेम की सोबत? मला तर अजून आठवतात ते त्यातले खेळ नाहीत, माझ्या जोडीदाराने चुकीच्या क्षणी मारलेली उडी आठवते.

म्हणून वाद घालायला बसलात की समोरच्याला आधी दोन प्रश्न विचारा: संपवलास का, आणि बाकीच्यांपैकी किती खेळलास? बहुतेक भांडणं इथेच विरघळतात. जी उरतात ती खरी मजेची.

आता 2019. सेकिरो मी तेव्हाच संपवला होता आणि डिसेंबरात माझंही मत त्यालाच होतं. हंस नंतर एका दुपारी खेळलो. 'आउटर वाइल्ड्स' दोन वर्षांनी हाती आला. त्यात बळ वाढत नाही, शस्त्रं मिळत नाहीत. पहिल्या मिनिटापासून तुम्ही शेवटापर्यंत जाऊ शकता, फक्त कसं ते माहीत नसतं. वाढतं ते डोक्यातलं ज्ञान. त्यामुळे तो एकदाच खेळता येतो, आणि दुसऱ्याला सांगताही येत नाही, कारण सांगितलं की संपला. असा गेम तोंडोतोंडी पसरणार कसा आणि नोव्हेंबरपर्यंत पंचेचाळीस याद्यांमध्ये पोचणार कसा? बाफ्टाच्या लोकांनी तो एप्रिलपर्यंत खेळला, माझ्याआधी दीड-दोन वर्षं. 2019 ची माझी यादी मी तेव्हा बदलली. 'सेकिरो'च सर्वोत्तम म्हणणारा माझा एक मित्र अजून वाद घालतो. 'आउटर वाइल्ड्स' त्याने अजून उघडलेला नाही, आणि त्यात काय आहे ते मी त्याला सांगू शकत नाही.